खिळा न ठोकता

इंडियानापोलिस,
25 ऑगस्ट 2024

ती. आई-बाबांना,


आई, परवा व्हिडिओ कॉलवर तू "पोरीची खोली कशी हाये ते दाखव" म्हणालीस, मी फोन फिरवायला घेतला आणि नेमकी तेव्हाच जऊळक्याची रेंज गेली. तू पडद्यावर तोंड उघडं ठेवून थांबलीस. मागून बाबांचा आवाज तेवढा येत होता, "पलंग कुठी हाये? मले त नुसता पंखाच दिसून राह्यला!" हे प्रकरण फोनवर उरकणारं नाही, म्हणून पत्र लिहितोय. बाबा वाचून दाखवतील. जन्मभर मास्तरकी केली आहे, तेव्हा वाचता वाचता माझं शुद्धलेखनही लाल शाईने सुधारतील.

तर तुमची नात आता पर्ड्यू विद्यापीठात आहे. गावाचं नाव वेस्ट लाफायेट, आमच्या घरापासून शंभरेक किलोमीटर. रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना मका नाहीतर सोयाबीन. बाबा, इंडियाना हे अमेरिकेतल्या आघाडीच्या सोयाबीनवाल्या राज्यांपैकी एक. वाशिम जिल्ह्यातून उठून एवढा समुद्र ओलांडला तो पुन्हा सोयाबीनच्याच वावरात येऊन पडायला. गाडी बाजूला घेऊन मी शेंगा चाचपून पाहिल्या. भरल्या आहेत. तुमची सून म्हणाली, "पोरीला पोचवायला निघालोय की पीक पाहणीला?"

इथे कॉलेजला जाणाऱ्या पोराची खोली सजवणं हा स्वतंत्र धंदा आहे. जुलै लागला की दुकानांत त्यासाठी वेगळ्या रांगा मांडतात: चादरी, दिव्यांच्या माळा, पलंगाखाली सरकवायच्या पेट्या, आंघोळीला जाताना साबण-शाम्पू न्यायची टोपली. दुकानदारांची नॅशनल रिटेल फेडरेशन नावाची संघटना दरवर्षी याचा अंदाज काढते. यंदा लॅपटॉप-कपडे धरून सरासरी सुमारे 1,365 डॉलर निघाले, म्हणजे लाखाच्या वर रुपये. बाबा, कागद शोधू नका, हिशेब मीच केलाय: यंदाच्या 4,892 रुपयांच्या हमीभावाने तेवीस क्विंटल सोयाबीन. आणि बाजारात हमीभाव मिळत नाही हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो. व्यापाऱ्याच्या भावाने आणखी पोती घाला.

हे झालं साध्या लोकांचं. दक्षिणेकडे, मिसिसिपी-अलाबामातल्या विद्यापीठांत, काही आईबाप पैसे मोजून सजावटकार लावतात. पलंगाच्या उशाशी मखमली पाठ, मापाने शिवलेले पडदे, उशांवर उशा. मे महिन्यात हे सगळं उतरवून खोली कोरी करून द्यायची असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी करतात. आपल्याकडे दहा दिवसांच्या मखरावर लोक किती खर्च करतात ते आठवलं आणि मी गप्प बसलो.

मला आपली शेगावची खोली आठवत होती. इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा जऊळक्याच्या ठेसनावरून छोटी गाडी धावायची. लाइन रुंद झाली ती 2008 साली, फार पुढे. बाबांनी माझी पत्र्याची पेटी त्या गाडीत चढवली, वर सुतळीने आवळलेली गादी. होस्टेलच्या खोलीत सजावट म्हणजे आधीच्या पोराने ठोकून ठेवलेला एक खिळा. त्यावर गजानन महाराजांचा फोटो, फोटोवर कालनिर्णय, कालनिर्णयावर शर्ट आणि रविवारी शर्टावर ओला टॉवेल. सगळा संसार त्या एका खिळ्यावर तोललेला.

इथे खिळाच ठोकायचा नाही. तो पहिला नियम. भिंतीला भोक दिसलं तर भरपाई. म्हणून डकवायच्या पट्ट्या मिळतात, त्यांच्यावर फोटो-खुंट्या लावायच्या. या पट्टीचे संस्कार ऐक. आधी भिंत स्पिरिटने पुसायची. मग कागद सोलायचा, पट्टी लावायची, तीस सेकंद दाबून धरायची. मग तासभर तिला एकटं सोडायचं. त्यानंतर वजन टांगायचं, तेही पाकिटावर छापलंय तेवढंच. वर्षाअखेरी काढताना शेपटी धरून भिंतीलगत खाली, हळूहळू, ताणत न्यायची. अंगाकडे ओढली की रंग घेऊनच येते. तुमच्या सुनेने तो तास घड्याळ लावून पाळला. खोलीत चार मोठी माणसं एका रिकाम्या खुंटीकडे पाहत उभी होती.

तू पाठवलेलं काचेच्या मण्यांचं तोरण घरच्या वजनकाट्यावर घालून नेलं होतं. तीन खुंट्या लागल्या, पण लागलं. दाराच्या आतल्या बाजूने. बाहेरून लावलं असतं तर जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक पोरीने ते छमछम करून पाहिलं असतं.

दुसरा नियम विस्तवाचा. मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, टोस्टर नाही, शेगडी नाही. अशा इमारतींत छताला पाण्याच्या तोट्या असतात. आग लागली की त्या आपोआप सुटतात. त्यांच्याखाली अठरा इंच जागा मोकळी सोडायची आणि त्यांना काही म्हणजे काही टांगायचं नाही. मला हा जाच वाटला. मग वाचलं की जानेवारी 2000 मध्ये न्यू जर्सीतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात पहाटे आग लागली आणि तीन पोरं गेली. त्या इमारतीत अशा तोट्या नव्हत्या. त्यानंतर मी वाद घातला नाही.

तुमच्या सुनेने मात्र विजेची छोटी कढई टॉवेलात गुंडाळून उशांच्या पिशवीत घातली होती. नातीने ती घरच्या अंगणातच पकडली. विमानतळावरचे लोक इतकं बारकाईने पाहत नाहीत. "मम्मी, तू फोडणी देशील आणि अख्खी इमारत रस्त्यावर येऊन उभी राहील." कढई राहिली, जवसाची चटणी गेली. चटणीला नियम नाही. पापडाला आहे की नाही ते कुठे लिहिलेलं नाही, म्हणून तेही गेले. मायक्रोवेव्हमध्ये भाजते म्हणे.

आता तू विचारशील, देवाचं काय? शेगावचाच फोटो दिलाय, माझ्या खोलीतला. पुढे बॅटरीचा दिवा. तो फुंकरीने विझत नाही, बुडाशी बटण आहे. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण तुमची सून म्हणाली, जानकीराम सोनाराने विस्तव दिला नाही तर ज्या महाराजांनी विस्तवाशिवाय चिलीम पेटवली, त्यांना बॅटरी काय जड जाणार? या युक्तिवादाला बाबांकडे उत्तर असेल तर कळवावं.

सामान वर कसं नेलं, हेही तू विचारलं होतंस. रंगीत टी-शर्ट घातलेली जुनी पोरंपोरी दारातच धावत येतात आणि चाकाच्या मोठ्या गाड्यांत सगळं भरून वर नेऊन देतात. हमाली शून्य. तुझी सून तरी त्यांना लाडू दिल्याशिवाय सोडेना. एकाने लाडू हातात घेऊन विचारलं, यात शेंगदाणा आहे का? इथे बऱ्याच जणांना तो बाधतो. मेथीचे आहेत म्हटल्यावर त्याने खाल्ला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं, शेंगदाणा असता तर बरं झालं असतं.

पलंग असा. लोखंडी, सव्वा तीन फुटांच्या आतबाहेर रुंद आणि ऐंशी इंच लांब, म्हणजे इथल्या साध्या सिंगल पलंगाची चादर त्याला लांबीला पुरत नाही; पायथ्याशी गादी उघडी राहते. तो वर चढवलाय, खाली टेबल आणि कपड्यांची पेटी, चढायला शिडी. ज्वारीच्या वावरात पाखरं हाकलायला माची बांधतो ना, तिच्यावर तुझी नात झोपते. पाखरं नाहीत, बाकी सगळं तसंच. बाबांना फोनवर पंखा दिसला तो म्हणूनच. तिचा पलंग पंख्याच्या शेजारी आहे.

सजावटीचे रंग जूनमध्येच ठरले होते. तिने आणि तिच्या रूममेटने, एकमेकींना न भेटता, फोनवरच्या फोटोंवरून. पिस्ता आणि राखाडीच्या मधला एक उदास रंग आहे, तो यंदाचा. आम्ही घेतलेली गुलबक्षी चादर तिने दुकानात परत केली, आणि पावती मागितली नाही तरी दाखवली. खोली एकसारखी दिसली पाहिजे म्हणे. पिस्ता चादर, पिस्ता गालिचा, पिस्ता दिवा. भिंतीवर दोरी बांधून लाकडी चिमट्यांनी फोटो अडकवतात. आपल्या अंगणातली वाळत घालायची दोरी खोलीत आणून तिच्यावर मित्रमैत्रिणी वाळत घातल्या की झाली सजावट. मी हे मोठ्याने बोललो, तेव्हा मला खाली गाडीतून काहीतरी आणायला पाठवण्यात आलं. काय आणायचं ते सांगितलं नव्हतं.

आता तुझ्या वाकळीचं.

ती आम्ही नेली ती नातीच्या मनाविरुद्ध. पिस्त्यात बसत नाही म्हणाली. तुझं जांभळं लुगडं, आत्याच्या लग्नातलं इरकल, अस्तराला बाबांची दोन धोतरं आणि उजव्या कोपऱ्यात माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचा तुकडा. कपाटाच्या तळाशी ठेवायची, थंडीत बघू, असं ठरलं. कपाटात जाताना तिची एक कड लोंबली आणि रूममेटच्या आईने ती पाहिली. "ओह!" म्हणून ती गुडघ्यावरच बसली. टाक्यांवरून बोट फिरवत गेली, रांगेमागून रांग. मशीन? नाही म्हटलं, हात. कोणी? माझ्या आईने. किती दिवस? मी म्हटलं, उन्हाळ्याच्या दुपारी, भांडी झाल्यावर, आणि शेजारणी बसायला आल्या की थोडी जास्त.

इंडियानाच्या उत्तरेला शिपशेवानाच्या बाजूला आमिश लोकांची वस्ती आहे. मोटार-वीज टाळून राहतात, घोडागाडीने फिरतात. त्यांच्या बायकाही अशा वाकळी शिवतात आणि त्या शेकड्यांनी, चांगली असेल तर हजारावर डॉलरला जातात. बरेच लोक त्या अंगावर घेत नाहीत, भिंतीवर लावतात. रूममेटच्या आजीचीही एक घरात टांगलेली आहे म्हणे. "ही भिंतीवरच शोभेल," असा निकाल तिने दिला. आई, मला माहीत आहे तू आत्ता काय म्हणालीस. "अंगावर घ्याची वाकय भितीवर कायले?" मीही तेच म्हणालो, जरा सभ्य भाषेत. कोणी ऐकलं नाही. पट्ट्यांना वजन झेपेना, तर रूममेटच्या बापाने कपाट आणि भिंत यांच्यामध्ये आवळून बसणारी दांडी आणली आणि तिच्यावर वाकळ सोडली. पिस्त्याच्या मधोमध जांभळं, हिरवं, आणि माझी चड्डी. येणारी प्रत्येक पोरगी तिच्यापाशी थांबत होती. नात, जी सकाळपर्यंत ती लपवत होती, तुकड्यातुकड्याची वंशावळ सांगायला लागली. खाकीपाशी आली आणि म्हणाली, "दॅट्स माय डॅड." मी खिडकीबाहेर पाहिलं.

मध्यरात्री तिने फोटो पाठवला. दांडी रिकामी, माचीवर वाकळीचं गाठोडं आणि त्यातून बाहेर आलेलं नाक. सकाळी पुन्हा भिंतीवर जाते म्हणे. वाकळीला अशी दोन पाळ्यांची नोकरी लागली आहे.

रूममेट कोणाची कोण, याची चौकशी तू चारदा केलीस. शेतकऱ्याची आहे. मका आणि सोयाबीन. आपल्या अख्ख्या शिवाराएवढी जमीन तो एकटा पेरतो, एका मशीनवर बसून, आणि रडगाणं सेम टू सेम: भाव नाही, पाऊस वेळेवर नाही, खत महाग. मी बैलांबद्दल बोललो, त्याला वाटलं मांसासाठी. मग पोळा समजावला. 2 सप्टेंबरला आहे म्हटलं, त्या दिवशी बैलाला काम नाही, न्हाऊ घालतो, शिंगं रंगवतो, झूल घालतो, पुरणपोळी देतो. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "माझ्या ट्रॅक्टरला पण एक सुट्टी द्यायला पाहिजे." माणूस बरा आहे.

आणि बाबा, रूममेटबद्दल आईची धास्ती काढायला तुमचीच गोष्ट वापरा. मला शेगावला सोडताना गाडीत सांगितली होतीत ती. बाबासाहेब आंबेडकर 1913 च्या जुलैत कोलंबिया विद्यापीठात आले, आधी हार्टली हॉल नावाच्या वसतिगृहात उतरले, तिथलं जेवण पटलं नाही म्हणून हलले आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले. तिथे सोबतीला नवल भथेना हा पारशी विद्यार्थी होता, आणि ती दोस्ती आयुष्यभर पुरली. त्या खोलीत भिंतीवर काय होतं हे कुठे वाचलेलं नाही. पुस्तकांनी भिंत दिसत असेल की नाही, हाच प्रश्न आहे. तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मला वाटलं, अभ्यास कर असं सुचवताय. आता मी तीच गोष्ट नातीला सांगितली तर तिलाही तेच वाटलं.

नातीच्या वसतिगृहाला विंडसर हॉल्स म्हणतात. मुलींचं आहे, जुनं, विटांचं. त्यातल्या एका इमारतीत, तेव्हाच्या साउथ हॉलमध्ये, अमेलिया इअरहार्ट राहिली होती. एकटीने अटलांटिक ओलांडणारी पहिली वैमानिक बाई. 1935 मध्ये पर्ड्यूने तिला मुलींना करिअरचं मार्गदर्शन करायला बोलावलं, आणि विद्यापीठात असली की ती पोरींसोबत वसतिगृहातच राहायची. पुढे पर्ड्यूच्याच संशोधन फाउंडेशनने जमवलेल्या पैशांतून तिचं विमान आलं. हे मी तुला कौतुकाने सांगत होतो, आई, आणि तू विचारलंस, "मंग आता कुठी असते ते?" 1937 च्या जुलैत पृथ्वीप्रदक्षिणा करताना प्रशांत महासागरावर ती विमानासकट बेपत्ता झाली. अजून सापडलेली नाही. हे मी खरं सांगितलं, तेव्हापासून तुझी सून माझ्याशी जेवणापुरतंच बोलते आहे. तरी सांगतो: नात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकते, विमान जमिनीवरच राहील.

एक गंमत राहिली. पर्ड्यूच्या पोरांना बॉयलरमेकर म्हणतात आणि विद्यापीठाचं मानचिन्ह म्हणजे रेल्वेचं इंजिन. खरंखुरं फिरतं, 1940 पासून, फक्त रुळांवर नाही तर रस्त्यावर. ट्रकला इंजिनाचा साज चढवलाय, शिट्टीसकट. बाबांनी हे ऐकून एकच वाक्य टाकलं, "रूळ नाही त रेल्वे कायची?" जऊळका रेल्वेच्या माणसाला हे विचारायचा अधिकार आहे.

पण विद्यापीठाचे रंग ऐका: सोनेरी आणि काळा. गेल्या हिवाळ्यात नातीने ठेसनावर फोटो काढून घेतला होता ना, पिवळ्या पाटीला टेकून, पाटीवर काळ्या ठसठशीत अक्षरांत जऊळका? तो तिने मोठा करून टेबलावर लावला. पिस्त्यातला तो एकच फोटो दोरीवर नाही. आता मजल्यावरच्या पोरींची समजूत अशी की हे पर्ड्यूचंच काहीतरी आहे. एवढ्या लांब, भारतात, कोणीतरी सोनेरी-काळ्या रंगात विद्यापीठाची पाटी लावून ठेवली आहे आणि तुमची नात तिचं दर्शन घेऊन आली. तिने कोणाचाही गैरसमज दूर केलेला नाही. उलट विचारलं, तर म्हणते, "होय, आमच्याकडे इंजिन रुळांवरून पण धावतं."

बाकी सगळं ठीक. धाकटा बहिणीची रिकामी खोली मिळाली म्हणून खुशीत आहे आणि त्याने पहिल्या दिवशी भिंतीत खिळा ठोकला. बाबांनी बी.पी.ची गोळी जेवणाआधी की नंतर, ते डॉक्टरांना पुन्हा विचारा. पोळ्याला बैलजोडीचा फोटो नीट काढून पाठवा, झुलीसकट. रूममेटच्या बापाला द्यायचा आहे.

तुमचा,
बाबू

ता. क. आई, रूममेटच्या आईला तशीच वाकळ हवी आहे, पैसे देऊन. माप: रुंदी पाच फूट, लांबी सात. डॉलर-बिलरची भाषा तू काढू नको, मी बोलतो. लुगडी कोणतीही चालतील, पण खाकीचा तुकडा पाहिजेच, तो तिला फार आवडला. नक्षीच समजते ती. माझी एखादी चड्डी माळ्यावर उरली असेल तर बघ. नसेल तर बाबांनी कोणा जुन्या विद्यार्थ्याकडे शब्द टाकावा. तुकडा उजव्या कोपऱ्यातच हवाय.